शुभेच्छुकांची पट्टी

आमच्या दुकानात दिवसभर नावंच छापली जातात. मोठी नावं, त्याहून मोठी नावं, आणि नावापेक्षा मोठे फोटो. त्यामुळे इथे मी कोणाचंही नाव लिहिणार नाहीये, नवऱ्याचं नाही, लेकीचं नाही, माझंही नाही. हलवायाच्या घरी कोणी हौसेने गोड खात नाही, तसंच समजा.

दुकान डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर 'डिजिटल आर्ट्स' असं काहीतरी लिहिलंय, पण त्यात ना काही आर्ट ना आर्टिस्ट. आम्ही फ्लेक्स छापतो. मागच्या गाळ्यात मशीन आहे, ती नवरा बघतो. पुढे काचेमागे कॉम्प्युटरवर मी बसते. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढते, पोटं आत घेते, टकलावर केस पेरते. देवाने जे अर्धवट ठेवलं ते मी पूर्ण करते आणि वर जीएसटी लावते.

बॅनरचंही एक शास्त्र आहे, आणि ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. सगळ्यात वर गोल गोल चौकटीत मोठे पुढारी. त्यांचा क्रम चुकला तर संध्याकाळी दुकानासमोर चार मोटारसायकली येऊन उभ्या राहतात. मधे उत्सवमूर्ती, हात जोडून, किंवा कानाला फोन लावून चालताना. उत्सवमूर्तीच्या आधी 'कार्यसम्राट' लागतंच. काय कार्य केलं, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धंदा करायचा म्हणजे तेवढी लाज बाळगावी लागते. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, की मधे नवऱ्याचा फोटो येतो आणि कोपऱ्यात टिकलीएवढी उमेदवार. एकदा मी उमेदवारणीला थोडं मोठं केलं होतं. तिचा नवरा प्रूफ बघायला आला आणि म्हणाला, "वहिनी, बॅलन्स जातोय." मग मी बॅलन्स आणला.

आणि सगळ्यात खाली शुभेच्छुकांची पट्टी. एका रांगेत फोटो, फोटोखाली नावं. खरं राजकारण त्या पट्टीत असतं. वरच्या पुढाऱ्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण खाली आपला भाचा झळकलाय का हे बघायला माणसं सिग्नलला स्कूटर बंद करतात. पट्टीचा आमचा नियम एकच: नाव आधारवरचं नाही, गल्ली ज्या नावाने हाक मारते ते. कोणाला मधे 'भाऊ' लागतो, कोणाला शेवटी 'शेठ', कोणाचं लहानपणी ठेवलेलं नाव पन्नाशीतही सुटलेलं नसतं. आधारवरचं छापलं, तर सख्खी आईसुद्धा बॅनरखालून तशीच निघून जाईल. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, "गल्लीत काय म्हणतात?" हा प्रश्न विचारला की भलेभले लाजतात, पण खरं सांगतात.

मागे आंबिवलीच्या एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाला शुभेच्छुकच कमी पडले. पट्टीत भोक राहिलं. मी त्याचाच दुसरा फोटो, गॉगल घातलेला, खाली बसवला आणि त्याखाली त्याचंच घरचं नाव टाकलं. म्हणजे वर कार्यसम्राट, आणि खाली त्याला शुभेच्छा द्यायला तोच. प्रूफ बघून तो खूष झाला. "वहिनी, दोन्ही फोटो भारी," म्हणाला. हा किस्सा मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये, पुढे तो उपयोगी पडला म्हणून सांगतेय.

आमची लेक डॉक्टर व्हायला बाल्कनमधल्या एका देशात गेली आहे. इथे मार्क कमी पडले, तिकडे चालले. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना तो देश रशियात वाटतो आणि उरलेल्यांना आफ्रिकेत. "तिकडे थंडी असते का?" विचारतात. असते म्हटलं, की त्यांचा भूगोल संपतो. मग माझ्या लेकीचं लग्न कधी, या आवडत्या विषयाकडे ते वळतात.

ती तिथे एका छोट्या गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरच्या खोलीत राहते. बाई तुर्की. तुर्कस्तानची नव्हे. पिढ्यानपिढ्या त्याच देशात, त्याच डोंगरात तंबाखू लावणाऱ्यांची पोर, पण घरात तुर्की बोलणारी. बडोद्याला नाही का आपले मराठी लोक असतात, तिथेच जन्मलेले, तिथेच म्हातारे झालेले, आणि तरी घरात आमटीच करणारे, तसं. लेक तिला आजी म्हणते, तर मीही आजीच म्हणते. मी पाठवलेलं मेतकूट ती दह्यात कालवून पावाला लावून खाते आणि व्हिडिओ कॉलवर बोटं चाटून दाखवते. एकही शब्द न कळता मला ती आवडली. शब्द कळणाऱ्या लोकांबाबत हे मला फारसं जमलेलं नाही.

तर एका दुपारी लेकीचा फोन. "आई, ऐक ना, आजी इलेक्शनला उभी राहतेय."

"कोणाकडून?"

"तुर्की लोकांचा पक्ष आहे इथे. त्यांच्याकडून."

मी म्हटलं, हे बरंय. मी इथे अस्मितावाल्यांचे बोर्ड करून करून मान मोडून घेतली, आणि पोरगी अर्ध्या जगापलीकडे जाऊन पुन्हा अस्मितावाल्यांच्याच माडीवर राहिली.

पण पक्ष का निघाला ते तिने सांगितलं, तेव्हा माझी जीभ जरा आवरली. त्या देशात तुर्की लोक थोडे. एके काळी, आजी तरुण असताना, तिथल्या सरकारला साक्षात्कार झाला, की आपल्या देशात तुर्की माणूस मुळी नाहीच. जे आहेत ते आपलेच, फक्त स्वतःचं खरं नाव विसरलेत. मग भर हिवाळ्यात पोलिसांनी गावं वेढली, एकेकाला कचेरीत उभं केलं आणि नवं नाव हातात दिलं, त्या देशातल्या बहुसंख्य लोकांसारखं. बाजारात जुन्या नावाने हाक मारली तर दंड. मेलेल्यांचीही नावं बदलली, थडग्यांवरची सुद्धा. मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही, हे सरकारला सगळ्या देशांत बरोबर ठाऊक असतं.

आजीच्या कडेवर तेव्हा मूल होतं. तिला विचारलं, कुठलं नाव हवं? तिने सांगितलं, माझं. मग त्यांनीच एक निवडलं.

पुढे ते सरकार पडलं आणि ज्याला हवं त्याने आपलं जुनं नाव परत घ्यावं अशी मुभा मिळाली. फक्त अर्ज, कोर्ट, शिक्के, चकरा. आजीच्या नवऱ्याने घेतलं. आजी बालवाडीत स्वयंपाकाला होती, पगार नव्या नावावर, दाखले नव्या नावावर. उद्या जाईन, परवा जाईन करता करता नवरा गेला, पेन्शनही त्याच नावावर सुरू झाली, आणि राहिलंच. आपल्याकडे आधार आणि पॅन यांत एका अक्षराचा फरक पडला तरी माणूस रडकुंडीला येतो, तेव्हा तिला मी काय नावं ठेवणार? गल्लीतले मात्र सगळे तिला जुन्याच नावाने हाक मारतात.

पक्ष नवा होता तेव्हा सभेला आलेल्या माणसांसाठी ती पातेलंभर घेवड्याचं सूप शिजवायची. मग पक्ष मोठा झाला. पुढाऱ्यांचे बंगले झाले, मग पुढाऱ्यांच्या मुलांचे झाले. निवडणूक आली की अस्मिता कपाटातून काढून इस्त्री करायची, निकाल लागला की डांबरगोळ्या घालून परत ठेवायची. लेक हे सगळं मोठ्या नवलाने सांगत होती आणि मला मात्र अगदी आपल्या वॉर्डात बसल्यासारखं वाटत होतं. सूप शिजवणारी इतकी वर्षं सूपच शिजवत राहिली, हेही ओघाने आलंच. यंदा तिला गावच्या कौन्सिलचं तिकीट मिळालं, कारण पक्षाला एक बाई दाखवायची होती आणि ती जागा पडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"मग ती उभी कशाला राहतेय?" मी विचारलं.

"मीपण विचारलं. ती म्हणाली, भिंतीवर नाव लागेल. तिचं. तिला एकदा बघायचंय."

एवढंच तिला हवं होतं. खुर्ची नको होती, कौन्सिल नको होतं. ज्या नावाने आईने हाक मारली ते नाव गावच्या चौकात, उजेडात, भिंतीवर. आणि पक्षाने तिला काय दिलं? पुढाऱ्याची पोस्टरं. तिचं एकही नाही.

"आई, तुझं काय जातं? एक फाइल करून दे ना. इथे प्रिंट करू."

माझं काय जातं! पोटच्या पोरीने आईच्या कलेचा एवढाच मान ठेवला. पण बसले. आजीचा हात जोडलेला फोटो मागितला, तर लेक ओरडली, तिकडे कोणी हात जोडत नाहीत. झेंडूच्या माळांची चौकट काढायला लावली. मागे उगवता सूर्य घातला होता, तोही काढायला लावला. 'कार्यसम्राज्ञी' मी तिला न विचारताच घातलं होतं, ते आजीला वाचताही आलं नसतं, पण म्हणे अक्षरं दिसतात. शेवटी उरला आजीचा ॲप्रन घातलेला फोटो आणि साधी निळी पार्श्वभूमी. मला तो बॅनर नुकत्याच मुंज झालेल्या मुलासारखा दिसत होता. मी म्हटलं, बाकी सगळं घे, पण शुभेच्छुकांची पट्टी मी काढणार नाही. पट्टी नसलेला बॅनर आमच्या दुकानातून आजवर बाहेर पडलेला नाही.

"आई, इथे असलं काही नसतं!"

"नसतं म्हणूनच पडतात. शेजारच्यांचे फोटो पाठव, आणि नावं. कागदावरची नको. गल्ली काय हाक मारते ते विचार."

मला दुसरं काही सुचत नव्हतं, त्यात काही मोठा विचार होता असं कोणी समजू नये. डोंबिवलीत बनवलेला बॅनर डोंबिवलीसारखाच होणार.

लेक दारोदार फिरली. शेजारच्या गवंड्याने 'नाव कशाला?' म्हणून दार लावून घेतलं. त्यांच्याकडे नाव विचारत दारात आलेल्या माणसाचा अनुभव चांगला नव्हता, हे पोरीला दार लागल्यावर समजलं आणि तिला रडूच आलं. तासाभराने तोच गवंडी सूट घालून, टोपी नीट करून आजीच्या अंगणात हजर. फोटो काढ म्हणाला, आणि नाव सावकाश, एकेक अक्षर करून सांगितलं. मग त्याची बायको आली. मग कोपऱ्यावरची एक म्हातारी. तिने तीनतीनदा विचारलं, की हे बाहेर लावणार ना? आत नाही ना? बाहेरच ना? तुर्की लोक इंग्रजीसारख्याच अक्षरांत लिहितात, एवढं माझं नशीब. मी एकेक नाव टाइप केलं, डाग कोणाचेच काढले नाहीत. मधे मोठ्या अक्षरात आजीचं जुनं, गल्लीतलं नाव टाकलं आणि फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीने मला कॉलवर घेतलं. समोर पक्षाचा एक तरुण पदाधिकारी, ब्लेझर घातलेला, केसांना काहीतरी लावलेला. तसले मी रोज बघते, फक्त आमच्याकडचे ब्लेझर घालत नाहीत. तो फाड फाड इंग्रजीत म्हणाला, उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर जे आहे तेच हवं. हे दुसरं नाव कायद्यात बसत नाही, लोक गोंधळतील. वर म्हणाला, ही जुनी दुखणी आता कशाला उकरायची? आम्ही आता आधुनिक पक्ष आहोत.

मी लेकीला मराठीत विचारलं, "ह्याचं नाव काय गं?"

तिने सांगितलं. अस्सल तुर्की. जन्मताच मिळालेलं, फुकट, हप्ते न भरता. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आणि सूप शिजवलं, त्यांचीच दुखणी आता साहेबांना उकरायला नको होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी माझं बेताचं आहे म्हणून तो वाचला.

"आजी काय म्हणाली?" तो गेल्यावर मी विचारलं.

"मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्या पुसत बसलीय. पुसलेल्याच परत पुसतेय."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. नवरा मागून म्हणाला, "अगं, कायदा आहे त्यांचा. आपण काय करणार? नाव बदल आणि पाठवून दे, इथे दहीहंडीचे अकरा बॅनर पडलेत." नाव बदल आणि पाठवून दे! माणसं किती सहज बोलतात.

मी दहीहंडीचं काम उघडलं. पहिल्याच फाइलमध्ये आंबिवलीचा तो गॉगलवाला भेटला, यंदा प्रमुख आयोजक म्हणून. त्याला बघून मी मोठ्याने हसले. कायदा आहे तो उमेदवाराला. शुभेच्छुकाला कुठला आलाय कायदा?

लगेच लेकीला फोन लावला आणि आजीचा एखादा जुना फोटो मागवला. आला तो तंबाखूच्या शेतातला, डोक्याला रुमाल, हातात पानांची जुडी, हसणारी. वर ॲप्रनवाल्या आजीखाली मी सरकारी नाव टाकलं, त्या देशाच्या लिपीत, मतपत्रिकेवर आहे तसंच, ठसठशीत. पदाधिकाऱ्याने डोळे भरून बघावं. आणि खाली पट्टीत, गवंडी आणि त्याच्या बायकोच्या मधोमध, तंबाखूवाली पोर. तिच्याखाली तिचं नाव. आईने ठेवलेलं.

पदाधिकाऱ्याने लेकीला विचारलं म्हणे, "ही खाली कोण?"

"शुभेच्छुक."

"पण ही तीच आहे!"

"आईच्या गावाला चालतं असं," लेक म्हणाली. पोरगी शिकतेय हळूहळू. त्याने कायद्याचं पुस्तक काढलं असेल तर त्यात शुभेच्छुक हा शब्दच सापडला नसणार. शेवटी, नाहीतरी पडणारच आहे ही जागा, असं म्हणून त्याने हात झटकले.

आजीने स्वतः कॉल केला. लेक मधे बसून इकडचं तिकडे करत होती. आधी मेतकूट संपल्याचं सांगून झालं. मग आजीने विचारलं, "तुझं नाव काय? सगळ्यांची नावं तू लिहिलीस, तुझं मला माहीतच नाही."

लेकीने माझं नाव सांगितलं. आणि गप्प बसेल तर ती माझी लेक कसली. पुढे म्हणाली, पण हे तिचं लग्नानंतरचं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. आडनावाबरोबर नावही बदलतं.

आजीने डोळे बारीक केले. लेकीला पुन्हा सांगायला लावलं. मग मला थेट विचारलं, "पोलीस होते?"

"नाही," मी म्हटलं. "भटजी होते."

"आणि तुझे आईवडील?"

"तेही होते. पेढे वाटत होते."

ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही. मला मात्र कल्याणच्या हॉलमधलं ते ताट लख्ख दिसलं. फडफडणाऱ्या ट्यूबलाइट, कमरेला खोचलेला शेला, आणि नवऱ्याची अंगठी तांदळातून फिरताना होणारा खरखर आवाज. त्याने त्याच्या आवडत्या नटीचं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले, फोटोत तसं आहे. माझं आधीचं नाव माझ्या आजोबांनी ठेवलं होतं. ते ठाण्याच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहून मला त्या नावाने हाक मारायचे, तीन मजले दणाणायचे. आजोबा गेले, मग वडील, मग आई. भाऊ ताई म्हणतो. त्या नावाने हाक मारणारं पृथ्वीवर कोणी उरलं नाही, आणि मला ते आजवर जाणवलंही नव्हतं, हे खरं आश्चर्य. अकरा दहीहंड्यांमधून वेळ मिळाला तर जाणवणार ना.

"गल्लीत काय म्हणायचे?" आजीने विचारलं. माझाच प्रश्न, फिरून माझ्याकडे आला.

मी सांगितलं. तिने तो उच्चार दोनदा घोळवला, जवळजवळ बरोबर. मग म्हणाली, "पट्टीत जागा आहे?"

पट्टीत नेहमीच आणखी एक जण मावतो, हे आमच्या धंद्याचं पहिलं सत्य आहे. मी सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला, माझं नाव टाकलं आणि पुढे 'डोंबिवली'. आडनाव नाही. फोटोही नाही. लेक म्हणाली, फोटो टाक ना. पण त्या नावाचा फोटो माझ्याकडे नाही. जे आहेत ते सगळे लग्नानंतरच्या दुसरीचे आहेत.

बॅनर तिथेच छापला आणि चौकातल्या चहाच्या दुकानाच्या भिंतीवर लावला. आजी सकाळीच गेली, रुमाल वगैरे बांधून. लेकीने सांगितलं, ती वरच्या मोठ्या नावाकडे बघत नव्हतीच. तिथलं कोणीच बघत नव्हतं. सगळे वाकून खालची पट्टी वाचत होते, बोट लावून, मोठ्याने, एकमेकांची नावं. कोपऱ्यावरची म्हातारी नातवंडांना घेऊन आली होती. आजी आपल्या नावासमोर बराच वेळ उभी राहिली. मग घरी गेली आणि पातेलंभर सूप करून सगळ्या गल्लीला बोलावलं.

निवडणुकीत ती पडली. आमच्याकडे निकालानंतर दुसऱ्या दिवशी पडलेला उमेदवार भाजीवाल्याच्या डोक्यावर छप्पर म्हणून येतो. तेवढंच त्याच्या हातून समाजकार्य घडतं. तिकडे पक्षाची माणसं पुढाऱ्याची पोस्टरं काढायला आली, तेव्हा आजीचा बॅनरही काढायला लागली. चहावाल्याने शिडी धरून ठेवली, म्हणाला, हा राहू दे. गवंडीही येऊन उभा राहिला. तो बॅनर अजून आहे.

त्याचा फोटो परवा लेकीने पाठवला. आम्ही दुकानातच जेवत होतो, डबा काउंटरवर उघडा. मी फोन नवऱ्यापुढे सरकवला. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी धंद्याचं बोलला. रंग बरे आलेत, म्हणाला, पट्टी छान बसलीये, अक्षरं फाटली नाहीत. मग एकेक चेहरा बघत, बोट सरकवत उजवीकडे गेला. शेवटच्या नावावर थांबला.

"बाकी सगळे तिकडचे दिसतात," तो म्हणाला. "ही डोंबिवलीची कोण गं? आपलं गिऱ्हाईक आहे का?"

चेष्टा करतोय का, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. चेष्टा करत नव्हता. अगदी साध्या चेहऱ्याने, हातात चपातीचा तुकडा धरून, उत्तराची वाट बघत होता. वाईट माणूस नाहीये तो. मी आजारी पडले की तोच वरणभात करतो. ताटात कोणत्या नावाच्या जागी काय लिहिलं, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं, बस. माझ्या जिभेवर टोमणे आले. टोमण्यांचा तुटवडा मला आयुष्यात कधी पडलेला नाही. पण त्यातला एकही मी वापरला नाही.

"अहो," मी म्हटलं, "परत वाचा. मोठ्याने."

त्याने फोन जरा लांब धरला, अक्षरं जुळवली आणि माझं नाव मोठ्याने वाचलं.

मी ओ दिली.